पोकळ नाकाच्या गोळ्या

८ जून
माझ्या बायकोला तिच्या कामावरच्या जोडीदाराने, जखारने, भेट दिली. फुलं नाहीत, चॉकलेट नाही — अस्वलावर झाडायच्या गोळ्यांची डबी! आणि फेनिया अशी खुलली, लग्नातसुद्धा एवढी खुलली नव्हती.

तिच्या रिव्हॉल्व्हरसाठी मी आधीच आणल्या होत्या. चांगल्या, महागाच्या, पोकळ नाकाच्या. त्या चालायच्या नाहीत म्हणे. जखार म्हणतो, पोकळ नाकाची गोळी माणसासाठी. आत शिरली की फुलते नि चरबीतच अडकते. अस्वलाला टणक शिशाची, चपट्या नाकाची हवी, ती हाडापर्यंत जाते.

जखार म्हणतो, जखार म्हणतो! तीन महिने नदीवर सामन मासे मोजायला ही दोघंच जाणार. तंबू दोन आहेत. मी स्वतः पाहिले. तरी पोटात आग आहेच.

९ जून
खडीच्या खाणीत फैसला. नेहमीसारखे दुधाचे रिकामे कॅन पाण्याने भरून एकामागे एक मांडले. माझ्या गोळीने पहिला कॅन असा फोडला की सगळे भिजले. तिसऱ्यातच थांबली. जखारची सहाही कॅन पार करून मागच्या खडीत घुसली.

"अंघोळ मात्र झकास घातलीस, मकार," जखार म्हणाला. सगळे हसले. फेनियाही!

अंगाचा नुसता तिळपापड.

११ जून
केलं. ती वाटेसाठी पेरोक, म्हणजे माशाची पाई, बांधत होती, तेवढ्यात सगळ्या गोळ्या बदलल्या — रिव्हॉल्व्हरमधल्या आणि डबीतल्याही. मागून पितळ सारखंच दिसतं, पुढून नाक पाहिल्याशिवाय कळत नाही. नवऱ्याने आणलेली गोळी कमरेला असू दे की!

पाण्यावरून विमान उठलं. तिने हात केला. मीही केला.

१२ जून
काय करून बसलो मी?

१५ जून
वायरलेसवर बोलली. मासे मोजायच्या पुलाजवळ अस्वलाची ताजी पावलं, मादी आणि दोन पिल्लं. "काळजी करू नकोस. पाण्याला जाते तरी जखार बरोबर असतो."

पाण्यालाही! सांगायचं होतं ते सांगितलंच नाही. शिवाय त्या वायरलेसवर अख्खं गाव कान लावून बसलेलं असतं. गावापुढे कसं सांगू, की माझ्याच बायकोच्या गोळ्या मी चोरल्या?

१९ जून
मादी काल तंबूपर्यंत आली. जखारने हवेत बार काढला तेव्हा गेली. हे फेनियाने हसत सांगितलं.

लाज गेली खड्ड्यात. उद्या टपालाच्या विमानाने जातो, त्याची डबी घेऊन.

२० जून
डबी पुढे केली. तिला आश्चर्य वाटलंच नाही. गोळ्या बदलल्यात हे तिने पहिल्याच संध्याकाळी पाहिलं होतं. जखारला सांगितलं नाही. नवऱ्याची लाज राखली, आणि कमरेला भरवशाची गोळी नाही म्हणूनच नऊ दिवस पाण्यालाही एकटी गेली नाही.

तिने रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, जखारच्या गोळ्या एकेक करून भरल्या. मग म्हणाली, "संशय घेतलास, तो सोसला असता मी. पण तू मला अस्वलापुढे पाठवलंस, मकार. त्याच विमानाने परत जा. सप्टेंबरात मला घ्यायला येऊ नकोस."