काहीच दुखत नाही

२ मे
साल्तो गावात पोचले. बसने अंगाचा पार भुगा केला, पण खोली झकास मिळाली; खिडकीतून संत्र्याची झाडं आणि नदीचा एक तुकडा दिसतो. चौपन्नाव्या वर्षी नवी नोकरी कोण देतं? या इस्पितळाने दिली. सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा पुढे आला, तेव्हा इथला जुना शिपाई वॉशिंग्टन येर्बाचा कडू चहा पाजत होता आणि गप्पा रंगल्या होत्या. न वाचताच एकामागून एक सह्या ठोकल्या.

५ मे
कामावर हात बसलेला आहे. झटक्याने गेलेल्या माणसांची हृदयं येतात. तुकडे मेणात बसवायचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे, काचपट्टीवर रंगवायचे. झटका आला की मेलेल्या मांसावर पांढऱ्या पेशी तुटून पडतात. पहिली टोळी तापट, मेलेल्याबरोबर जिवंतही फाडते. तीन-चार दिवसांनी दुसरी टोळी राडारोडा उचलते आणि व्रणाची भिंत बांधायला घेते. डॉक्टर बेन्तांकोर नवं इंजेक्शन देतात, ते पहिल्या टोळीला दारातच अडवतं. नासधूसच नको, म्हणतात. मला पटलं. माणूस हसरा आहे.

१२ मे
इंजेक्शन घेतलेल्याचं तिसरं हृदय आलं. तिघंही पाचव्या दिवशी गेले. तिन्ही हृदयांच्या डाव्या भिंतीला भोक, बोट जाईल एवढं. मायक्रोस्कोपखाली पांढरी पेशी औषधालाही सापडली नाही. ना पहिली टोळी, ना दुसरी. मेलेलं मांस जिथल्या तिथे, भिजलेल्या पावासारखं. कुणी उचललं नाही, म्हणून कुणी बांधलंही नाही. वॉशिंग्टन सांगतो, शेवटच्या सकाळी तिघंही ठणठणीत होते. एकजण तर अकॉर्डियन मागत होता.

१४ मे
जेवणानंतर सारं इस्पितळ झोपतं, तेव्हा बेन्तांकोरांना गाठलं. काचपट्ट्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी हातही लावला नाही.
"निबियाबाई, कापायचं काम तुमचं. बघायचं माझं."
तीन माणसं मेली, म्हटलं. अकरा जगली, म्हणाले, आणि हसले. तळपायाची आग मस्तकात गेली. सगळा मजला जागा होईपर्यंत ओरडले.
आत्ता लिहितानाही छातीत कळ येतेय. डावा हात जड झालाय. रागानेच असेल.

१६ मे
वॉर्डात आहे. झटका होता. मी बेशुद्ध असतानाच बेन्तांकोरने मला ते इंजेक्शन दिलं. कुणाला विचारून? त्याने कागद दाखवला: कर्मचारी आजारी पडल्यास नव्या उपचारांना संमती. खाली माझीच सही, वर चहाचा डाग. राजधानीला हलवा म्हटलं, तर म्हणे हलवणं धोक्याचं. आणि हलकटाचं हे म्हणणं खरंच आहे.

१७ मे
ताप नाही. दुखत नाही. दुखायला हवं होतं. आत काम चालू असलं की दुखतं.

१८ मे
तो पाहुण्या डॉक्टरांना घेऊन आला. बघा, कशी टवटवीत. माझ्या गालावर टपली मारली. मी त्याचा हात— नाही. रागवायचं नाही. रक्तदाब चढला की भिंत—
काचपट्ट्या वॉशिंग्टनकडे दिल्या. थर्मासच्या पिशवीत घालून राजधानीला नेतोय, आरोग्य मंत्रालयात. जाताना म्हणाला, "बाई, मी येईपर्यंत निपचित पडून राहा. शिंकूसुद्धा नका."
पडून राहिले तर कदाचित भिंत धरेल. कदाचित.

१९ मे
पाचवा दिवस. छान वाटतंय. भूक लागलीय. संताप येतो या छान वाटण्याचा.

शेजारच्या खाटेवर सकाळी एलिदा आली. शाळेत शिकवते, वय एकेचाळीस, झटका. मुलीच्या वाढदिवसाला घरी जाईन ना, मला विचारते.

तो आलाय. इंजेक्शनचा ट्रे घेऊन. तिला सांगतोय, शेजारी बघा, या बाईंना काही दुखतंय का.
मला दाखवून— मलाच दाखवून—

वॉशिंग्टन उद्या येईल. उद्यापर्यंत पडून राहिले तर—

ती बाही वर करतेय.

नाही. पाय जमिनीवर टेकवले. तीन पावलं. एलिदा, हात मागे घे, हात मा—