बाई मुद्दाम चुकतात

ता. ६, सोमवार, सकाळी

चिरंजीव ठोंब्यास,

आईचा आशीर्वाद. भरभरून देणार होते, पण मागच्या वेळी तू मध्येच फोन ठेवलास, म्हणून थोडा कापून घेतलाय. तू बरा असशील. मी बरी आहे. गुडघे तेवढे माझं ऐकत नाहीत, ते तुझ्यावर गेलेत.

पत्र बघून म्हणशील, म्हातारीला हे काय सुचलं? अरे, फोनवर तुझ्या बायकोचं नाव काढलं की तुझ्याकडची रेंज जाते. कागदाला रेंज लागत नाही. फाडून टाकशील म्हणावं, तर त्यासाठी उठून केराच्या डब्यापर्यंत जावं लागतं, आणि तुझा आळस मी जन्मापासून ओळखते.

इकडे सगळं ठीक. घरमालकाने जिना रंगवला. रंग असा काढलाय की आजारी माणसाने जिना चढू नये. खालचा शिंपी हल्ली कानाने कमी झालाय, त्यामुळे मला त्याच्याशी मनातलं सगळं बोलता येतं.

तू निघून गेल्यावर मी शाळेत कामाला लागले, हे तुला ठाऊक आहे. काय काम करते, ते तू कधी विचारलं नाहीस. तर ऐक. सूनबाईच्याच वर्गावर मदतनीस आहे. फळा पुसते, पाणी भरते, कोणाचं पोट दुखलं तर घेऊन बसते. वय मी कमी सांगितलं आणि मोठ्या बाईंनी त्याहून कमी ऐकलं, म्हणून लागले. तिच्या वर्गाला जादा वर्ग म्हणतात. सहावी ते आठवीची जी पोरं अभ्यासात सगळ्यांच्या पुढे धावतात, त्यांना दुपारी एकत्र बसवून आणखी शिकवायचं. म्हणजे घडा आधीच भरलाय आणि वरून पुन्हा नळ सोडायचा. मी तिला तसं म्हटलं तर म्हणाली, "आई, घडा मोठा करायचा असतो."

आमच्या गावच्या शाळेत एकच नियम होता आणि तो मास्तरांच्या हातात असायचा. हिच्या वर्गात छडी नाही, आवाज चढवणं नाही, पण शिस्त अशी की माशीसुद्धा परवानगी काढून बसते. ही दारात उभी राहते. आत शिरणाऱ्या प्रत्येकाने आज नवीन काय बघितलं ते एक सांगायचं, मगच आत. काम आधी संपलं तर "झालं" म्हणायचं नाही, "अजून काय" असं विचारायचं. विचार चालू असेल तर बाकावर मूठ ठेवायची, मग त्याला कोणी हात लावायचा नाही. शंका असेल तर एक बोट वर करायचं आणि बाईंचं लक्ष जाईपर्यंत गप्प राहायचं. प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात जायचं झालं की खुर्च्या आत सरकवून रांग लावायची, तोंड बंद, बाई जातील तिकडे मागे जायचं. प्रश्न पोचल्यावर. तू या वर्गात एक दुपार टिकला नसतास.

आणि सगळ्यात मजेचा खेळ म्हणजे चूक शोधणं. ही फळ्यावर रोज एखादी चूक मुद्दाम करून ठेवते. कधी गणितात, कधी नकाशात. सांगत काहीच नाही. ज्याला सापडेल त्याने उठायचं, चूक दाखवायची, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. हिचं म्हणणं, हुशार पोरांना बाईंची चूक काढायची भीती वाटता कामा नये. यंदा तर टाळ्याच टाळ्या. एकेका दिवशी चार-चार चुका. पोरं खूश, बाई खूश. मीसुद्धा मागे उभी राहून टाळ्या वाजवत होते.

आता काही दिवस आम्ही दोघी घरीच आहोत. शाळेला सुट्टी नाही, आम्हाला आहे. गुरुवारी जरा गडबड झाली. ते जाऊ दे, पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तू दोन दिवस येऊन जा. कारण विचारू नकोस. तुला कारण दिलं की तू त्याच्याशीच वाद घालत बसतोस आणि यायचं राहून जातं.

तुझी आई
(जिवंत आहे, खात्री करायला ये)


ता. १९, रविवार

ठोंब्या,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, चार ओळी. त्यातली एक पावसापाण्याची. शेवटच्या ओळीत विचारलंस, "तिने बोलावलंय का?"

नाही. तिने बोलावलेलं नाही. आणि का नाही बोलावलं ते सांगायचं तर गुरुवारचं सांगावं लागेल. मागच्या वेळी मी आजूबाजूने फिरले. अक्षर वाकडं येतंय, ते तसंच वाच.

त्या दिवशी दुपारी वर्ग नेहमीसारखा भरला. ही फळ्यावर गणित मांडायला लागली आणि अर्ध्यात थांबली. खडू हातात तसाच. पोरांना वाटलं, बाई आपल्याला विचार करायला वेळ देताहेत. सगळ्यांनी बाकावर मुठी ठेवल्या. मी पाण्याचा जग भरायला गेले. परत येते तो वर्ग रिकामा. खुर्च्या सगळ्या आत सरकवलेल्या, एका ओळीत. खरं सांगते, मला कौतुक वाटलं. म्हटलं, ग्रंथालयात गेले असतील. तिथे नव्हते. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, बाई मुलांना घेऊन गेल्या की बाहेर, काय ती शिस्त, बघत राहावं.

मी कधी पळाले होते ते मला आठवत नाही. त्या दिवशी पळाले.

शाळेपुढचा मोठा रस्ता तुला ठाऊक आहे. तिथे मोटारी माणसासाठी थांबत नाहीत, माणूस मोटारींसाठी थांबतो. ही सरळ त्यात उतरली होती. मागे अख्खा वर्ग रांगेत, तोंड बंद, एक पोरगं इकडेतिकडे बघत नव्हतं. एका ट्रकने असा ब्रेक मारला की त्याच्यामागच्या दोन गाड्या एकमेकींवर चढल्या. चालक खिडकीतून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. ही थांबली नाही. रांगही थांबली नाही. रांगेच्या शेवटी एक चष्मेवाली पोर आहे, सातवीतली. तिने एक बोट वर केलेलं होतं. शंका आहे म्हणून. बाईंचं लक्ष जाईपर्यंत गप्प राहायचं ना. ही काही मागे वळून बघेना. त्या पोरीने सगळा रस्ता बोट वर धरून ओलांडला. मी डोळे मिटले की मला ते बोट दिसतं.

मी हाका मारत होते. गाड्यांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?

ती कुठे गेली सांगू? लग्न झाल्यावर तुम्ही दोघं राहायचात ना, त्या धोब्याच्या दुकानावरच्या खोलीवर. सगळा वर्ग जिन्यात उभा, एकेका पायरीवर एकेक. हिने दार वाजवलं. बनियनमधला कोणी अनोळखी माणूस बाहेर आला. ती त्याला म्हणाली, "ह्याला उठवा जरा. आज त्याची मुलाखत आहे. उठला नाही तर नोकरी जाईल, आणि मग माझ्यावर चिडेल."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. तुझी ती मुलाखत होऊन किती वर्षं झाली, ते तूच मोज.

तेवढ्यात ती चष्मेवाली माझ्याजवळ आली. मला हळूच म्हणाली, "आजी, बाई मुद्दाम नाही ना चुकत?"

मी म्हटलं, नाही गं.

ती म्हणाली, "आम्हाला कळलं होतं. दूधखुळे आम्ही नाही." असं काहीतरी मोठ्या माणसासारखं बोलते ती, वडील वकील आहेत. मग म्हणाली, "पण टाळ्या थांबवल्या असत्या तर बाईंना समजलं असतं. म्हणून आम्ही थांबवल्या नाहीत."

बघ, बारा-तेरा वर्षांची पोरं. त्यांनी सभा घेऊन ठरवलं होतं. आणि मी, एका घरात राहणारी, तिच्या हातचा चहा पिणारी. चहात मीठ आलं तेव्हा मी चेष्टा केली की सासूला मारायचे प्रकार सुरू झाले वाटतं. ती हसली. मीही हसले. चपला फ्रिजमध्ये सापडल्या, तेव्हा म्हटलं, उन्हाळ्यासाठी गार करून ठेवल्यास का? माझ्या थट्टेने तिला दरवेळी लपायला आडोसा मिळत गेला.

पोरांना काही झालं नाही. तेवढं एक बरं. पण संध्याकाळी सगळे आईबाप शाळेत जमले. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यांच्या जागी मी असते तर मीही ओरडले असते. मोठ्या बाई चांगल्या, त्यांनी हिचा हात धरून ठेवला आणि रजेवर जायला सांगितलं. ती रजा संपणार नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. वर्ग दुसऱ्या बाईंकडे गेलाय.

मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने डोक्याचे फोटो काढले, प्रश्न विचारले. आपण वर्गातच आहोत असं समजून, मुलं नीट उत्तरं देत नाहीत म्हणून ती त्याच्यावरच रागावली. तो म्हणाला, विसरण्याचा आजार आहे. एवढ्या कमी वयात फार कमी जणांना होतो, पण होतो, आणि झाला की भरभर पुढे जातो. औषधाने थोडा रोखता येईल, मागे नेता येणार नाही. मी त्याला विचारलं, हे कधीपासून असेल? म्हणाला, काही वर्षं असू शकेल, घरच्यांना आधी वाटतं माणूस निष्काळजी झालाय.

मग मी त्याला तुझ्या ऑपरेशनचं विचारलं. तू दवाखान्यात पडून होतास आणि ही शाळेतच बसून राहिली, आलीच नाही. तू म्हणालास, मुद्दाम केलं. नंतर तुझ्या साहेबांना जेवायला बोलावलेलं विसरली, तेही मुद्दाम. मग तू बॅग भरलीस. डॉक्टर म्हणाला, खात्रीने सांगता येत नाही, पण असू शकेल.

असू शकेल एवढंच म्हणाला तो. त्याहून जास्त मी तुझ्या डोक्यावर ठेवत नाही. पोरांनाही आधी ते मुद्दामच वाटलं होतं, हे लक्षात घे. फरक एवढाच की त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता घरचं सांगते. रोज दुपारी ती साडी बदलते, केस विंचरते आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. मी नवीन काय बघितलं ते सांगितल्याशिवाय मला आत सोडत नाही. मी सांगते, मांजर जिन्यात शिंकलं. शिंप्याने स्वतःच्याच शर्टाचं बटण उलटं लावलं. ती म्हणते, छान, बसा. मग मला गणित घालते. मला येत नाही. मी मूठ ठेवून बसते. एवढ्या वेळात भात करपतो.

हे मी हसत लिहितेय असं वाटेल तुला. हसत नाहीये रे.

गॅसची नळी काढून ठेवते. झोपताना दाराला खाट आडवी लावते, कारण तिला शाळेत जायचं असतं आणि तिला वेळ कळत नाही. परवा तिने खाट ओढली. मी मध्ये गेले. तिने मला ढकललं. जोर फार आहे तिच्यात. माझा उजवा हात मनगटात मोडलाय, हे सगळं डाव्याने लिहितेय. पडल्यावर तीच माझ्याजवळ बसून रडली, कोणी ढकललं तुम्हाला म्हणून.

शिंप्याची बायको येऊन पोळ्या टाकून जाते. ती किती दिवस येईल? मला आता कपडे पिळता येत नाहीत, तिला धरता येत नाही. माझा डोळा लागला तर ती त्या रस्त्यावर जाईल. या वेळी मागे रांग नसेल, एवढंच. मी देवाला म्हणते, मला हिच्या आधी नेऊ नकोस. आणि लगेच वाटतं, मी नंतर राहून तरी काय करणार आहे?

तिला बायको म्हणून पुन्हा घे, असं मी म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही बघा. मला दोन हात हवेत आणि दाराशी एक माणूस हवा. पाव्हणा म्हणून ये, भाडेकरू म्हणून ये. नोकरी सुटत नसेल तर आम्हाला दोघींना तिकडे ने. पण काहीतरी कर. ती तुला ओळखेल असं वचन देत नाही. सध्या तुझा तिला राग नाही एवढं नक्की, तो कधीच विसरून गेलीय.

मी कोण, हेही आता तिला कळत नाही. हे मला लिहायचं नव्हतं. आई म्हणत नाही. मदतनीस म्हणते, अहोजाहो करते, नीट वागवते. काल संध्याकाळी मी एका हाताने भांडी घासत होते. माझ्याजवळ आली, माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि म्हणाली, "राहू द्या आता. घरी जा तुम्ही. तुमचा मुलगा वाट बघत असेल."

मी पदर घेतला, दार ओढून घेतलं आणि नवीन रंगाच्या त्या जिन्यात जाऊन बसले. अजून कुठे जाणार?

उत्तर पाठवू नकोस. तू ये.

वाट बघणारी,
आई