झाकणावरचं नाव

बाबा, तुमच्यावर माझा संशय होता, हे तुम्हाला ठाऊक होतं. शेवटी मुलगी तुमचीच. ठोक व्यापाऱ्याचा माणूस पुलगावच्या दुकानात येऊन "शुद्ध सुती आहे, सेठ" म्हणाला की तुम्ही गोड हसायचात, कापडाच्या काठाचा एक धागा ओढायचात आणि काडेपेटी मागायचात. धागा जळला, राख बोटांत चोळून पाहिली, वास घेतला, की मग त्याच्यासाठी चहा यायचा. काडी ओढायचं काम लहानपणी माझ्याकडे होतं. त्यामुळे कोणाच्या नुसत्या शब्दावर भरवसा ठेवायची सवय मला कधी लागलीच नाही.

लग्न मी माझ्या मनाने केलं. तुम्ही आला नाहीत. भांडला असतात तर बरं झालं असतं, पण तुम्ही नुसते गप्प झालात. आम्ही बोरगाव मेघेत बिऱ्हाड केलं, मला शाळेत नोकरी लागली, आणि काही वर्षं तुमची खुशाली मला फक्त दादाकडून कळत राहिली. मग मोबाइल स्वस्त झाले आणि मी तुमच्यासाठी एक घडीचा फोन घेतला. दुकानदाराचं डोकं खाऊन निवडला होता. बटणं मोठी, अंक ठसठशीत. आवाज दणदणीत, कारण तुमचा डावा कान तेव्हाच जड झाला होता. झाकण उघडलं की फोन आपोआप उचलला जायचा, मिटलं की बंद. हिरवं-लाल बटण शोधायला नको. शिवाय झाकणावर एक चिमुकली काच होती, तिच्यात फोन न उघडताच नाव दिसायचं. खरं तर त्या काचेसाठीच घेतला. माझं नाव बघून उचलायचा की नाही ते तुम्ही ठरवावं. तुम्हाला फसवून बोलायला लावणं मला नको होतं.

दादाच्या हाती पाठवला तेव्हा फोन परत येणार याची मला खात्री होती. तुम्ही ठेवून घेतलात. मग रविवारी दुपारी मी फोन लावते. तुमचं झाकण उघडतं, दुकानातला पंखा ऐकू येतो, मी म्हणते, "बाबा," आणि खट्! पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. नवरा म्हणायचा, "अगं, त्यांना जमत नसेल." जमत नसेल? कापडाच्या ठाणात दडवलेला सांधा नुसत्या बोटांनी शोधणाऱ्या माणसाला? मला वाटायचं, ही शिक्षा चालली आहे. दार उघडायचं आणि तोंडावर लावायचं. फार लागायचं मला ते.

शेवटी एका रविवारी पुलगावला आले, दुकानासमोरच्या रसवंतीत उभी राहिले आणि तिथूनच फोन लावला. तुम्ही फोन हातात घेतलात. उघडलात. मी हळूच "बाबा" म्हटलं. तुमची मान जराशी उजवीकडे कलली, आणि तुम्ही झाकण मिटलंत. रसाचा ग्लास तसाच ठेवून मी तडक दुकानात शिरले.

"बाबा, माहा फोन काऊन बंद करता?"

"कवा आली? बस," तुम्ही म्हणालात. मग ठाणावरची नसलेली धूळ झटकत, "बंद कुठी करतो? नाव पाह्यासाठी उघडतो. तुहं नाव दिसलं म्हंजे पोरगी खुशाल. बोलत बसलो का तुहे पैसे कटते."

मी काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. तुम्ही झाकणाकडे नजर टाकलीत. "तुहा भाऊ. डबा घेऊन येऊन राह्यला असन." फोन तसाच गादीवर ठेवून दिलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "जेवून जाजो."

त्या दिवशी तुमच्या डब्यातलं अर्धं वांग्याचं भरीत मी खाल्लं आणि रडले नाही. पुढे येणं-जाणं सुरू झालं. लग्नाचा विषय ना तुम्ही काढलात, ना मी. पण रविवारचा फोन मात्र तुम्ही जाईपर्यंत तसाच राहिला. "बाबा," आणि खट्.

परवा कपाट आवरताना तो फोन हाताला लागला. केव्हाच बंद पडलेला. मी ती झाकणावरची काच पुसली आणि पुसता पुसता थांबले. दादाचं नाव तुम्ही न उघडता वाचलंत. मग माझंच नाव वाचायला झाकण कशाला उघडावं लागत होतं? न उघडता नाव दिसतं, आवाज येत नाही. माझा संशय आहे, बाबा, की पैशांची तुम्ही मला थाप मारलीत. दर रविवारी माझ्या तोंडचा तेवढा एक शब्द तुम्ही ऐकत होतात, आणि पुढचं ऐकवणार नाही म्हणून घाईने मिटत होतात.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते कपाटात फोनखालीच राहील. पण खरं सांगते, तुम्ही आज समोर असतात तरी मी विचारलं नसतं. हा एक धागा मला जाळून बघायचा नाही.