डाव्या मोज्याचा लाल धागा

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त उभ्यानेच केलाय, उरलेला भेटीत.)

तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावता, की बाटली नुसतीच खिडकीत उभी असते? तुम्ही राहायला गेल्यापासून ताईच्या घरातली सगळी घड्याळं उघडून बसलात असं तीच फोनवर सांगत होती, त्यावरून प्रकृती ठणठणीत असणार असं धरून चालते. इकडे सगळं क्षेम. आई मजेत आहे. मोज्यांचं मशीन मजेत आहे. कॉम्प्युटर वारला.

आधी बसून घ्या आणि मग पुढे वाचा. कारखाना सोडताना तुम्ही त्या खोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाला होतात, की माझं डोकं यात घातलंय, आता याला जपा. आम्ही जपलं हो! आईने आपल्याच लोकरीचं जाडजूड झबलं विणून त्याला घातलं. गळा बंद, आणि वायरींसाठी बाह्यासुद्धा. (रंग निळा. धूळ बसू नये म्हणून.) बिचारा महिनोन् महिने उकडत घुरघुरत राहिला आणि पंधरा दिवसांपूर्वी भर कामात जळका वास सोडून काळा पडला. आईचं निदान असं, की झबलं पातळ पडलं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला बाजारात सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो डिस्क कानाला लावून ऐकतो. त्याने झाकण उघडून पंख्यातून एका पायाचा मोजा होईल एवढी लोकर बाहेर काढली आणि आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आता खरी पंचाईत ऐका. मशीनला स्वतःची अक्कल नाही. किती टाके, कुठे घट्ट, कुठे सैल, हे सगळं त्या मेलेल्या खोक्यात. नवा कॉम्प्युटर आणून मशीनच्या कंपनीचं तयार माप लावलं. मोजे दिसायला असे देखणे, की दृष्ट काढावी! पण हॉस्पिटलमधल्या सिस्टरांनी गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवला. दिवसभर उभं राहायचं असतं, डाव्या करंगळीला चावतात, म्हणे. पूर्वीसारखे द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. आपला कारखाना त्यांच्याच जिवावर चालतो हे तुम्हाला मी काय सांगू? आई वरून शांत आहे, पण परवापासून चहात साखर घालायची विसरते आहे.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात तो जुना किडा पुन्हा वळवळला. बाजारातल्या कुठल्याही मोज्यांत डावा-उजवा नसतो, मग आपल्याच मोज्यांत का असतो? डाव्याच्या काठाला तो लाल धागा का? लहानपणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, जगात सगळ्यालाच डावं-उजवं असतं, जा खेळ. हे काही उत्तर नव्हे, काका. तेव्हाही नव्हतं.

तर डॉक्टरने शोध लावला, की आतली नाण्याएवढी बॅटरी कधीच संपली होती. आपण कोण, आपली डिस्क केवढी, हे कॉम्प्युटरला त्या बॅटरीच्या जोरावर आठवतं. तुमचा हुकूम होता की वीज बंद करायची नाही, म्हणून इतके दिवस झाकली मूठ राहिली. आता आपल्याला डिस्क आहे हेच तो विसरलाय. (डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्याची पुतणी असल्यामुळे मला हे डॉक्टरच्याही आधी समजलं.) नवे कॉम्प्युटर त्या डिस्ककडे बघून नाक मुरडतात. शेवटी बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या माळ्यावर तिच्याच वयाचा एक सापडला. डिस्कवरच्या चिठ्ठीतले आकडे हाताने भरले, डिस्क कण्हली, आम्ही श्वास रोखले, आणि पडद्यावर यादी आली! पण मुख्य मापाची फाइल काही उघडेना. डॉक्टर ती घरी घेऊन गेलाय.

त्याला यश येईल न येईल. तोवर एक करा. मधलं माप म्हणजे माझाच पाय, असं तुम्ही गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचात. तेव्हा कागदावर दोन्ही पाय ठेवून पेन्सिलीने कड काढा आणि पाठवा. (नखं कापून मग.) ताईला नमस्कार, तिच्या घड्याळांना माझी सहानुभूती.

तुमचं चौकशीखातं

ता. क. पाय काढू नका! डॉक्टर आत्ताच येऊन गेला. फाइल उघडली, आकडे नव्या कॉम्प्युटरमध्ये चढले, सिस्टरांचे मोजे विणायला घेतलेसुद्धा. आणि काका, खोटं बोलायची हद्द झाली. फाइलचं नाव आहे ‘वहिनी’. डाव्या करंगळीपाशी सोडलेली ढील म्हणजे आईच्या कुरुपासाठी ठेवलेली जागा! म्हणून डावा-उजवा, आणि म्हणून तो लाल धागा. आपले मोजे सगळ्यांना कसे अगदी बसतात असं आई म्हणायची, आणि स्वतःचाच पाय पुढे करून दाखवायची. मी मोठ्याने वाचलं, तर ती तिथेच स्टुलावर बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मलाही राहवलं नाही. डॉक्टर मात्र म्हणाला, “काखेत कळसा आणि गावाला वळसा! अहो, पाय घरातच होता की!”

ता. क. दुसरा. पण आई तर कुणाला पायाला हात लावू देत नाही, मग माप घेतलंत कसं? हे कोडं तिनेच सोडवलं. ती नळावरून ओल्या पावलांनी आली की तुम्ही फरशीवर ओणवे होऊन ‘सुई पडली, सुई पडली’ करायचात. तिला वाटायचं, भाऊजींना दिसायचं कमी झालंय.

ता. क. शेवटचा, आणि खरं पत्र एवढंच. आईचं ते कुरूप कधीच गेलं. आता संध्याकाळी तिचा उजवा पाय सुजतो, आणि आपलेच मोजे तिला एकटीला होत नाहीत. इतके दिवस बोलली नव्हती. मी टेप घेऊन गेले तर पाय पोटाशी घेतला. तेव्हा लवकर या. तिचा निरोप शब्दशः देते: “भाऊजींना म्हणावं, फरशी ओली करून ठेवते, पण या वेळी सुई शोधायचं नाटक नको.”