बंबखान्याचा उंबरा

आई, आपल्या जागेवरचा बंबखाना परवा पाडला. तिथं आता आग विझवायचा मोटारीचा बंब ठेवायला नवा, सिमेंटचा बांधायला घेतलाय. ओव्हरसियर म्हणून आलेला पोरगा चांगला आहे. नकाशा उलगडून त्यानं मला विचारलं, बाबा, तुम्ही इथले जुने, काही सुचवायचंय का. मी म्हटलं, बाकी काही नाही, फक्त उंबरा घालू नका. तो हसला. त्याच्या नकाशात उंबरा नव्हताच. त्याला पुढचं काय सांगायचं म्हणून घरी आलो आणि जे सांगितलं नाही ते तुला लिहायला बसलो. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि तुला जाऊनही आता माणसाचं एक आयुष्य होत आलं, तरी बसलो. म्हाताऱ्या माणसाला कोण अडवतंय.

डोळे मिटले की आधी तुझी चूलच दिसते. लढाईचे दिवस आहेत. रॉकेल मिळत नाही, काड्यापेटी मिळत नाही, आणि मिळालीच तर आपल्याकडच्या दमट हवेत काडी नुसती घासून संपते. झोपण्याआधी तू निखाऱ्यांवर राख ओढून ठेवतेस आणि सकाळी फुंकणी मारलीस की खालून लाल निखारा वर येतो. आपल्या खालच्या आळीत ज्या घरची चूल विझेल त्या घरची बाई खापर घेऊन आपल्या दारात उभी. "आत्याबाई, इस्तू द्या वाईच." विस्तव आणि पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हा तुझा नेम. तू निखारे काढून द्यायचीस, वर चिमूटभर राख टाकायचीस आणि म्हणायचीस, झाकून ने गं. घरात बाकी काय होतं आपल्या? पण या एका बाबतीत तू आळीची पाटलीण होतीस, आणि ते तुला मनातून आवडायचं. मी लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये दिवसभर कोळसा ओढून सुट्टीला घरी आलो की तू चिडवायचीस, एवढ्या मोठ्या इंजिनाचा जाळ राखतोस, माझी चूल एक दिवस राखून दाखव.

त्या दिवशी मी घरीच होतो. चैत्र संपत आला होता. शेजारच्या वहिनींचं भाताचं खाचर आळीच्या पाठीलाच. शेण, पाला, फांद्या पसरून त्यांचा राब भाजायला तयार होता. नवरा मुंबईला गिरणीत, त्यामुळे सगळं त्यांनाच करावं लागायचं. त्या खापर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "वारा पडलाय तवर राब भाजून घेते." तू भाकरी थापत होतीस. बाहेर बघितलं नाहीस, बसल्या जागेवरून निखारे काढून दिलेस. मी मध्ये बोललो नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच. असे निखारे तू रोज देत होतीस.

पुढचं तुला सांगायला नको, पण मलाच लिहायचं आहे. वारा अचानक उठला. राबावरची ठिणगी आधी गवताच्या गंजीवर पडली, तिथून आपल्या शाकारलेल्या छपरांवर. विहीर दारातच होती, पण चैत्रातली विहीर ती. पोहरे अर्धे गाळ घेऊन वर येत होते. आम्ही हातोहात घागरी पुढं देत होतो आणि ते पाणी जाळापर्यंत पोचतच नव्हतं. घरं गेली ती गेली. वहिनींची नुकती पाऊल टाकायला लागलेली पोर आत झोपली होती. तिला पहिली आंघोळ तू घातली होतीस. संध्याकाळी वहिनी आणि तू विहिरीच्या कठड्याला टेकून बसला होतात, कुणीच रडत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "म्या लावला, आत्याबाई." तू म्हणालीस, "इस्तू म्या दिला." परत त्या म्हणाल्या, म्या लावला. परत तू. मी तिथून उठून गेलो. ते ऐकवत नव्हतं.

मग चावडीवर बैठक झाली. शहरातला जुना हातबंब गावाला मिळेल, असं मामलेदारसाहेब म्हणाले होते. शहराला नवा मोटारीचा बंब आला की जुना आपल्याला, पण तो ठेवायला गावानं आधी दगडी, कौलारू खोली बांधायची. जागा हवी ती विहिरीजवळ, म्हणजे आपली. पाटलांना तुला विचारणं जड जात होतं. तूच बायकांतून उठून पुढं आलीस. "जागा घ्या माजी. आमाला तितं ऱ्हावणार न्हाई." पाटील म्हणाले, "मोक्याची जागा हाय बाई, इचार कर." तू म्हणालीस, "इचार झालाय. आन बंब येस्तवर माजी चूल पेटणार न्हाई." आधी लोकांना वाटलं, बाई दुःखात बोलतेय. मलाही तसंच वाटलं.

वरच्या आळीत चुलत्यांच्या परसात आपण खोप घातली. त्यात तू चूल मांडलीस, माती मळून, नीट, आधी होती तशीच. सणासुदीला ती शेणानं सारवायचीस, पण पेटवली नाहीस. जेवणाचं काय, हा प्रश्न वहिनींनी सोडवला. त्यांचीही खोप पलीकडेच होती. रोज भाकरी फडक्यात गुंडाळून आणायच्या आणि दाराशी ठेवून जायच्या. पहिले काही दिवस तू ती गाईला घातलीस. मी स्टेशनवरून पाव आणला तर तू तो चिवडून बघितलास आणि मलाच खायला लावलास. मग एक दिवस वहिनी भाकरी ठेवून गेल्या नाहीत, समोर बसून राहिल्या. तू खाल्लीस. त्यानंतर रोज खाल्लीस. मी सुट्टीला आलो की दारातच अडवायचीस, "अंगाला धूर येतोय तुज्या, नदीवर जाऊन ये." पौषातसुद्धा. इंद्रायणीच्या त्या पाण्यात उतरताना मला तुझा भयंकर राग यायचा. आजही आठवलं की थोडा येतो.

बंबखाना मात्र काय झपाट्यानं उभा राहिला. घरटी एक माणूस कामाला. डोंगराच्या पायथ्याचे दगड बैलगाड्यांनी आले, आसपासच्या ठाकरवाडीतली माणसं चुना मळायला आली, कौलं कुणी आपल्या गोठ्यावरची उतरवून दिली. तू आणि वहिनी पाण्याच्या घागरी वाहायचात, एकीमागं एक. दार रुंद ठेवलं होतं. सुतारानं त्याला चांगला सागवानी उंबरा बसवला, वीतभर उंच. घर म्हटलं की उंबरा आलाच, कुणाच्या मनात दुसरं काही आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर दिवसभर चाकांमध्ये वावरणारा माणूस. उंबरा बसला त्या दिवशी तू त्याला हळदीची बोटं ओढलीस आणि पोरीच्या नावानं एक वाटी दूध ठेवलंस. वहिनी तेव्हा पहिल्यांदा रडल्या. मोठ्यानं रडल्या, आणि तू त्यांना धरून बसलीस.

मग खोली तयार आणि बंब येईना. शहराचा नवा बंब विलायतेहून यायचा, लढाईत बोटी अडकलेल्या, कुणाचाच इलाज चालत नव्हता. पाटील दर बाजाराला चौकशी करून यायचे आणि तुझ्यासमोर यायचं टाळायचे. तू रोज बंबखाना झाडायचीस. रिकामी खोली कशाला झाडतेस म्हटलं तर म्हणायचीस, आला तर. पुढच्या पौषात तुला थंडी भरली. मी म्हटलं, आये, खोपीत शेकोटी तरी पेटवू दे. तू नुसतं माझ्याकडे बघितलंस. गोधडीवर गोधडी घातली, अंग काही गरम होत नव्हतं. सुट्टी संपून मी कामावर गेलो, तिथं सांगावा आला आणि मी सकाळच्या गाडीनं कामशेतला उतरून चालत आलो, तोवर तू गेली होतीस.

तिरडी बांधून झाली. मडक्यात घरचा विस्तव घेऊन पोरानं पुढं चालायचं, म्हणून पाटलांनी विचारलं, "इस्तू कुटाय?" आणि मग त्यांची नजर चुलीकडे गेली. सारवलेली, कोरी चूल. आई, आळीभर विस्तव दिलेल्या बाईच्या चुलीत तिच्यासाठी एक निखारा नव्हता. कुणीतरी कनवटीची काड्यापेटी काढली. तेवढ्यात वहिनी आल्या, हातात खापर, वर राख. म्हणाल्या, "काडी ठिवा. ह्यो आत्याबाईचाच हाय." खापर माझ्यापुढं करत म्हणाल्या, "घर जळालं तवा वाशात धुमसत हुता, त्योच उचलला आन चूल लावली. दुसरा कुटनं आनू? तवापसनं इजू दिला न्हाई. आत्याबाईला सांगायचं हुतं, पर भाकर टाकून देतील म्हनून न्हाई सांगितलं." म्हणजे तू वहिनींकडची जी भाकरी खात होतीस ती तुझ्याच विस्तवावर भाजलेली होती. तुझी चूल विझलीच नव्हती, आणि हे तुला कळलं नाही. तेच मडकं घेऊन मी तुझ्या पुढं चाललो.

बंब त्यानंतर आला, लढाई संपल्यावर. वाजतगाजत आणला. लोकांनी तो बंबखान्याच्या दाराशी ढकलला आणि पुढची चाकं उंबऱ्याला अडली. मागून रेटा दिला, फळ्या टाकल्या, जड धूड ते, चढेना. पाटील कपाळावर हात मारून हसायला लागले, सगळे हसले, वहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून. सुतारानं करवत लावली. मला ते बघवलं नाही. कापलेला उंबरा मी खांद्यावर घालून घरी आणला. त्यावर तुझी हळदीची बोटं अजून होती. आता तो आपल्या घराच्या दाराला आहे. त्याच संध्याकाळी वहिनी खापर घेऊन आल्या आणि तुझी चूल पेटवली. मी कामावर असलो की त्याच येऊन राख ओढून जायच्या, पुढं लग्न झाल्यावर तुझ्या सुनेनं राखली.

बायका परत खापर घेऊन येऊ लागल्या. आता घरोघरी गॅस आलाय, कुणी येत नाही, पण बरीच वर्षं येत होत्या. कुणाला नाही म्हटलं नाही, तेवढा तुझा नेम पाळला. हे पत्र पेटीत टाकता येत नाही, तेव्हा इथं खोटं लिहून उपयोग नाही. विस्तव देण्याआधी मी दर वेळी उठून तुझ्या उंबऱ्यावर जायचो आणि वारा बघून यायचो. बायका दारात ताटकळायच्या, एकदा तर वहिनी स्वतः ताटकळल्या, आणि त्या काही बोलल्या नाहीत. तू बसल्या जागेवरून, बाहेर न बघता देत होतीस. तसं देणं मला कधी जमलं नाही.