आबांची जीप का थांबली

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पाठ धरली. जीपखालून बाहेर येता येईना. शेवटी रेखानं पाय धरून ओढलं, आणि वर विचारलं, तुमच्या वडिलांची गाडी आहे म्हणून तिच्याखालीच जीव सोडायचा असा काही नेम आहे का. तेल गरम करून चोळून मात्र दिलं.

इस्माईल मिस्त्री आला नाही. "उद्या पहिलं काम तुमचं, सर," असं काल म्हणाला होता. त्याचा उद्या कोणत्या तालुक्यात उजाडतो देव जाणे.

इंजिनाचा फॅन हातानं फिरवून पाहिला. फिरतो. इतकी वर्षं गावी गोठ्याशेजारी उभी, वर नुसता पत्रा, एअर क्लीनरमध्ये उंदरांचं बाळंतपण झालेलं, तरी इंजिन जाम नाही. म्हणजे इंजिनात खोट नव्हती. आजच्या तारखेला लिहून ठेवतो.

१६ नोव्हेंबर

गल्लीत सगळ्यांचा एकच प्रश्न. एवढ्या पैशात नवी आली असती ना, सर? आली असती. त्यांना वाटतं मला गाडी हवी आहे.

रेखाची एफडी मोडायची राहिली आहे, बाकी माझं सगळं या पोर्चमध्ये गेलं. तिला कारण माहीत आहे आणि पटत नाही. तिचं म्हणणं, गेलेल्यांची वकिली करून असलेल्यांचं काय भलं होणार.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दादाचा फोन. थोरला भाऊ, पण बोलणं केळीच्या पलीकडे जात नाही. थंडीनं घड आखडले, व्यापारी येत नाही, वगैरे. ठेवता ठेवता म्हणाला, "ते लोखंड हाये का अजून तुह्या दारात?" जीप हा शब्द तो उच्चारत नाही.

आता एकदा नीट लिहून काढतो. कॉलेजात पोरांना प्रॅक्टिकलला सांगायचो, निरीक्षण आधी, निष्कर्ष मागून. तसंच.

निरीक्षण. श्रावणातली संध्याकाळ. दादाच्या भूषणला, अकरा वर्षांच्या पोराला, केळीच्या बागेत साप चावला. आबांनी जीप काढली. मागे दादा, त्याच्या मांडीवर भूषण. रावेरच्या निम्म्या वाटेत, नाल्याच्या पुलावर, जीपनं दोन आचके दिले आणि थांबली. आबांनी सेल्फ मारला, हँडल मारलं. नाही ती नाहीच. मागून ट्रॅक्टर आला तोवर अंधार पडला होता. रावेरला पोचले तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निरीक्षण दुसरं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावरून जीप आणायला गावातला एक जण गेला. पहिल्या सेल्फात सुरू झाली.

दादाचा निष्कर्ष: म्हातारा घाबरला, त्यानं इंजिन ओव्हर केलं, पेट्रोलनं बुडवलं, आणि माझं पोरगं मारलं. त्यानंतर आबा मरेपर्यंत दादा त्यांच्याशी बोलला नाही. एकाच घरात, एकाच चुलीचं जेवून. आबांनी त्या दिवसानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. मी सुट्टीत गेलो की अंगणात बाजेवर बसून मला म्हणायचे, "ओव्हर नाही केली रे मी, श्रीधर. मले वास आला असता ना." दर खेपेला, त्याच शब्दांत.

मी हो हो म्हणायचो. माझ्याकडे पुरावा नव्हता.

८ डिसेंबर, रविवार, धुळे

दातांच्या एका डॉक्टरांकडे कार्ब्युरेटरसाठी जाऊन आलो. धुळ्यातले जुन्या गाड्यांचे नादी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी यांच्या अंगणात जमतात. या लोकांची एक रीत मला आवडते. नवा माणूस आला की मॉडेल कोणतं, हे कुणी आधी विचारत नाही. आधी विचारतात, "कोणाची?" म्हणजे कोणाची होती. कोणी सांगतो काकांची, कोणी सांगतो सासऱ्यांची. एकानं सांगितलं, बायकोची, आणि पुढे कुणी काही विचारलं नाही. मग भरीत-पुरी, आणि प्लगच्या गप्पा.

मी म्हणालो, वडिलांची. डॉक्टरांनी मान हलवली आणि कार्ब्युरेटर काढून दिला. पैसे घेईनात. त्यांची स्वतःची काळी गाडी आरशासारखी. चालवत मात्र नाहीत. का, तर म्हणाले, पूर्ण झाली की पुढे काय करायचं, याचीच भीती वाटते हो. म्हणून मी दरवर्षी काहीतरी खोलून ठेवतो.

जळगावला परतताना एसटीत तेच डोक्यात. पारोळ्याच्या पुढे झोप लागली, उठलो तेव्हा मान अवघडलेली.

२९ डिसेंबर

ब्रेक झाले. वायरिंग झालं. इस्माईल सलग तीन दिवस आला, बहुतेक घरी भांडण झालं असावं. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, पंप, सगळं तपासलं. थांबण्यासारखं काही नाही. मग थांबली का? इस्माईल म्हणतो, "सर, जुनी गाडी आहे, कधी मूड जातो." विसाव्या शतकातल्या यंत्राला मूड.

खरं तर घाबरलोय. सगळं ठीक निघालं तर उरतो तो ड्रायव्हर. म्हणजे आबा.

१० जानेवारी, शुक्रवार

पेट्रोलची टाकी उरली होती. ड्रायव्हरच्या सीटखालची. बुडाला गंजून भोकं, म्हणून स्टँडमागच्या रेडिएटरवाल्याकडे नेली. पाणी भरून त्यानं ती कापली, शेणासारखा गाळ काढला आणि त्याबरोबर एक काळा, कडक गोळा बाहेर फेकला. "बोळा," म्हणाला. "टोपण हरवलं की लोक चिंधी कोंबतात, आणि ती जाते आत. पाइपाच्या तोंडाला बसली की गाडी बंद. थांबलं की सुटते. परत चालू."

इतकं सहज. त्याच्यासाठी ते रोजचं आहे, तो पुढच्या कामाला लागला. मी तो गोळा पिशवीत घातला.

११ जानेवारी

गोळा रात्रभर रॉकेलमध्ये होता. सकाळी साबणानं धुतला. रुमाल आहे. लाल चौकडीचा, आपल्याकडे खांद्यावर टाकतात तो.

उत्तर चोख आहे. इंजिन पेट्रोल ओढतं, चिंधी ओढली जाऊन तोंडाशी बसते, आचके, बंद. आबा सेल्फ मारत राहतात, हँडल मारत राहतात, म्हणजे आणखी ओढ, आणखी घट्ट. रात्रभर उभी, चिंधी सुटते, सकाळी पहिल्या सेल्फात चालू. सगळी निरीक्षणं बसली. नोकरीच्या अख्ख्या काळात इतकं स्वच्छ उत्तर मला कधी मिळालं नव्हतं. आणि ओव्हर झालीच नव्हती. पेट्रोल पोचतच नव्हतं, वास येणार कुठून.

पोर्चमध्ये एकटाच मोठ्यानं म्हणालो, आबा, तुम्ही ओव्हर केली नव्हती.

मग रुमाल पिळून दोरीवर टाकला आणि कोपरा दिसला.

१२ जानेवारी

काल पुढे लिहवलं नाही.

कमलवहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सगळ्यांचे रुमाल सारखेच, धुण्यात मिसळायचे, त्यावरून रोज कटकट. वहिनींनी प्रत्येकाच्या कोपऱ्यात अक्षर भरलं. आबांचा आ, माझा श्री, दादाचा व. वसंताचा व, खाली छोटं पान.

कोपऱ्यात व आहे. रंग उडाला आहे, पण टाके शाबूत. पानसुद्धा आहे.

टोपण हरवलं होतं हे मला आठवतं. फवारणीच्या पंपाला पेट्रोल लागलं की दादा जीपच्या टाकीतून नळीनं काढायचा, आणि वर खांद्यावरचं जे असेल ते कोंबायचा. आबा ओरडायचे. तो म्हणायचा, उद्या आणतो टोपण. मी स्वतः ऐकलं आहे. यात त्याचा गुन्हा काय? बागायतदारांच्या निम्म्या गाड्या अशाच चालत होत्या.

पण त्याच्या मांडीवर भूषण होता.

१४ जानेवारी, संक्रांत

रेखाला दाखवला. तिनं कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "यासाठीच खोललीत ना गाडी? मिळालं. आता?"

मी म्हणालो, आबा खोटे नव्हते हे कुणीतरी म्हणायला नको का. ती म्हणाली, म्हटलंत ना तुम्ही, पोर्चमध्ये. मी ऐकलं. आबांनीही ऐकलं असेल तर असेल. आता हे बंबात घाला.

मला राग आला. तिचा नाही, दादाचा. इतकी वर्षं एका म्हाताऱ्याला स्वतःच्या घरात परका करून ठेवलं, आणि चिंधी याची. मग तो पुलावर कसा ओरडला असेल ते डोळ्यापुढे आलं आणि रागाचं काय करायचं ते कळेना. तिळगूळ कुणाला दिला नाही.

रुमाल बंबात घातला नाही. कपाटात, स्वेटरखाली आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुरू झाली.

तिसऱ्या सेल्फात. आधी धूर, मग खोकला, मग तो आवाज. आबा बाजारातून आले की हाच आवाज कोपऱ्यावरून यायचा आणि आई चूल फुंकायला घ्यायची. इस्माईल चक्क नाचला. गल्ली गोळा झाली, कुणी पेढे आणले. मी स्टिअरिंगवर बसून होतो. सगळे म्हणाले, सर भारावले.

भारावलो नव्हतो. या घटकेसाठी एवढं केलं असं मला स्वतःलाच वाटत होतं, आणि आता ती आली तर बंद कधी करतो असं झालं. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं. मग विचारलं, आता काय खोलणार? हसले. मला हसू आलं नाही.

२ मार्च

कुणीतरी गावाकडे व्हिडिओ पाठवला. दादाचा फोन. केळीचं काही नाही. मग, "चालते का खरंच?" मी हो म्हणालो. म्हणाला, "जे ऐनवक्ती चाललं नाही ते आता चालून काय कराले?" मग म्हणाला, रविवारी येतो. एकटाच. वहिनी ते बघू शकणार नाहीत.

रेखानं ऐकलं. कपाटाकडे बघितलं, मला म्हणाली, तुम्ही मास्तर आहात, उत्तर येतं म्हणून सांगायलाच पाहिजे असं नसतं. मी म्हणालो, आणि त्यानं विचारलं तर?

५ मार्च

झोप नाही. दोन्ही बाजूंनी घोळवतोय. सांगितलं तर दादा उरत नाही. सत्तरी गाठली आहे, दोन वेळा छातीत दुखून झालं आहे. नाही सांगितलं तर आबा आणखी एकदा मरतात, आणि या खेपेला माझ्या हातून. कारण दादाला माहीत नव्हतं. मला माहीत आहे.

लोक मला विचारतात, कशासाठी एवढा खर्च. वाटलं होतं, हिशेब पैशाचाच असेल.

९ मार्च, रविवार, दुपार

दादा बाहेर पोर्चमध्ये आहे. मी चहाच्या निमित्तानं आत आलो. चहा रेखा करू शकते. ती दारात उभी आहे, मी ओट्यापाशी हे लिहितोय. मला दुसरं काही सुचत नाही.

बाराच्या सुमारास आला. उन्हातून चालत, रिक्षा केली नाही. खूप वाळला आहे. जीपभोवती एक फेरी मारली, हात लावला नाही. सुरू करू का विचारलं तर मानेनं हो म्हणाला. पहिल्या सेल्फात सुरू झाली. आज तरी ती सुरू व्हायला नको होती.

मग तो चढला. पुढे नाही. मागे, त्या दिवशी जिथे बसला होता त्याच बाजूला. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. इंजिन चालू होतं. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्यानंच खूण केली, बंद कर.

खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचा व. वहिनी अजून भरतात.

मग बोलला. खाली बघत. "दवाखान्यात आबानं पानी मांगलं व्हतं माह्याजवळ. शेवटचं. मी नाही देल्लं. नर्सनं देल्लं."

मला हे माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

"चूक त्याचीच व्हती ना रे? तू शिकेल-सवरेल मानूस. तू बठ्ठी गाडी खोलून पाह्यली. ओव्हरच केली व्हती ना त्यानं? सांग मले."

मी म्हणालो, चहा आणतो.

चहा उतू गेला. रेखानं पुसलं, दुसरं आधण ठेवलं. ती मानेनं नाही नाही म्हणतेय. स्वेटरखालचा रुमाल सकाळीच माझ्या पँटच्या खिशात आला आहे, कसा ते मला माहीत नाही, मीच ठेवला असणार. अजून रॉकेलचा वास येतो. बाहेर दादा मागच्या सीटवरून उतरलेला नाही.

हाक मारतोय. "श्रीधर."

दोन कप भरले आहेत.