नोरा आजी आईसाठी रडली

१२ जाने.
आई गेली. मी इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, मीटिंगमध्ये. दादाने नागपूरहून व्हिडिओवर सगळं दाखवलं. भन्तेजी, पंचशील, पांढरी साडी. व्हिसा अडकलाय, गेले तर परत येता येईल याची खात्री नाही. रडूही येत नाहीये. दगड झालेय नुसती.

१४ जाने.
शेजारची नोरा आजी सूप घेऊन आली. चौऱ्याऐंशीची, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावरची. ती लहान असतानाच सरकारने सगळ्यांना तिथून हलवलं, आता तिथे फक्त मेंढ्या. तिने विचारलं, आईसाठी रडलं कोण? म्हटलं, आमच्याकडे शांतपणे वंदना घेतात. दादा तर सगळ्यांना गप्प करत होता.
बेटावर तिची आजी मयताच्या उशाशी बसून हेल काढून रडायची म्हणे. माणसाचं अख्खं आयुष्य सांगत, चांगलं-वाईट दोन्ही, आयरिशमध्ये. पाद्र्यांना ते खपायचं नाही. नोराला येतं, पण अमेरिकेत कुणी करू दिलं नाही.
"तुझ्या आईसाठी रडू का मी?"
हो म्हटलं.

१५ जाने.
आधी चौकशी. नाव? शांता. काम? मनपाच्या शाळेत बाई. भांडकुदळ होती? भाजीवाल्याशी रोज. हात? खडूने भेगाळलेले. आणि तिला दुखावलं कुणी?
खोटं बोलणार होते. नाही बोलले. गेल्या वर्षी आई इथे येणार होती, मी तिकीट कॅन्सल केलं. प्रोजेक्ट होता म्हणे माझा. आग लागो त्या प्रोजेक्टला.
नोरा आजीने डोक्यावरून शाल घेतली, डोलायला लागली. एक अक्षर कळेना. मध्येच शांता, शांता. मग एकदम सुजाता. माझं नाव. दोनदा. तिथे मी फुटले, टाहोच फोडला.

१९ जाने.
हलकं वाटतंय, पण डोक्यात भुंगा. माझं नाव घेऊन म्हणाली काय? वाभाडे काढले, की गुन्हा पोटात घातला? फोन केला. म्हणाली, फोनवर नाही, शनिवारी ये.

२४ जाने.
दारात तिची मुलगी, केट. आजीला काल स्ट्रोक. वाचा गेली.
शनिवारपर्यंत थांबायची काय गरज होती मला?

२ फेब्रु.
हॉस्पिटल. केटला आयरिश येत नाही. आजीच तिला म्हणायची, ती भाषा बोलून अमेरिकेत कोण नोकरी देणार. रेकॉर्डिंग नाही, तेव्हा फोन पुढे धरणं जिवावर आलं होतं.
आजीने ओळखलं. वाकून विचारलं, माझ्याबद्दल काय म्हणालात? ओठ हलले. आवाज नाही. परत विचारलं, मग केटच्या चेहऱ्याकडे बघून उठले. डॉक्टर म्हणतात, थोडेच दिवस.
आत्मा-बित्मा आपण मानत नाही. तरी गाडीत बसल्यावर वाटलं, आजी काय म्हणाली ते आईला कळलं असेल. मग आई काय म्हणाली असेल त्यावर?